पल्याडची सात घरं

या, बांधावर बसा. चपला हातात घ्या, हा चिखल शहरातल्या चपला सोडत नाही, ठेवूनच घेतो. टेकडीच्या पायथ्यापासून खाडीच्या तोंडापर्यंत जातो तो हा बांध. अलीकडे आमचं धामणखार, दोनशे घरं आणि ही सगळी भातशेती. पलीकडे भोरडी नदी. आणि नदीच्या पल्याड ती मोकळी जागा दिसते ना, तिथे एकही घर नाही. एवढी छान जागा रिकामी का, असं येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. मागच्या वर्षी एकजण हॉटेल काढायचं म्हणून मोजायची टेप घेऊनच आला होता. त्यालाही इथेच बसवून हे सांगितलं. चहा न घेताच गेला बिचारा.

फार पूर्वी हा बांध नव्हता, असं सांगतात. पावसाळ्यात वरून नदीचा पूर यायचा, खालून समुद्राचं उधाण चढायचं, आणि दोन्ही पाणी आमच्या शेतात पसरायचं. खारं पाणी एकदा शिरलं की तीन तीन वर्षं जमीन काही देत नाही. तेव्हा गाव चाळीस घरांचं होतं. एका वर्षी तर लोकांनी बियाण्याचं भातसुद्धा शिजवून खाल्लं म्हणे. त्या वर्षी किती पोरं गेली ते कुणी सांगत नाही.

गावात भिवजी नावाचा बांध घालणारा होता. चिखल जिभेवर ठेवून सांगायचा, हा टिकेल, हा वाहून जाईल. त्याने सगळा काठ चालून पाहिला आणि भैरीच्या देवळात गावाला सांगितलं, की बांध होईल आणि टिकेलही. पण इथे पसरणारं पाणी कुठे तरी जाणारच, ते पल्याड चढेल.

पल्याड सात घरं होती. मासे मारणारी माणसं, जोडीला थोडी नाचणी. त्यातल्याच एका घरात भिवजीची एकुलती एक लेक दिली होती, आवडी.

गाव दिवसभर बसलं. इकडे चाळीस घरं, तिकडे सात. इकडे जमीन आहे, ती उचलून नेता येत नाही. तिकडे होड्या आहेत, ते कुठेही जाऊ शकतात. त्यांना आपल्या टेकडीवर जागा देऊ, असंही ठरलं. कधी द्यायची, सांगायला कोण जाणार, ते मात्र नंतर बघू म्हणाले. मग देवाला कौल लावला. देवाच्या अंगावर दोन फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. गुरवाने विचारलं, बांध घातला तर गावाचं भलं होईल का? उजवं फूल पडलं. खोटं काही नव्हतं त्यात. जेवढं विचारलं तेवढ्याचंच उत्तर देवाने दिलं.

घरी बायको भिवजीला म्हणाली, "एकदा पोरीला तरी विचारून या."

"देवाने कौल दिलाय," तो म्हणाला, "आता माणसांना काय विचारायचं?"

पौषात काम सुरू झालं. शेजाऱ्याचं काम म्हणून सातही घरं होड्या घेऊन मदतीला आली. आवडीने बापाच्या बांधावर चार महिने माती वाहिली. एकदा पाटी खाली ठेवून तिने विचारलं, "बा, आमच्याकडे पाणी चढणार नाही ना?"

भिवजीने तिच्याकडे पाहिलं नाही. "चढलं तरी उंबऱ्याच्या खालीच राहील," म्हणाला. बापाने सांगितलं म्हणून तिने ते घरोघरी सांगितलं, आणि सातही घरं निर्धास्त राहिली. टेकडीवरच्या जागेचं कुणी नावसुद्धा काढलं नाही.

श्रावणात पुनवेचं उधाण आणि नदीचा पूर एकाच सकाळी आले. बांध हलला नाही. पल्याड पाणी उंबऱ्यावरून आत गेलं, मग भिंतींना लागलं. भिवजी कुदळ घेऊन बांधावर उभा होता. चार घाव घातले असते तर पाणी अलीकडे पसरलं असतं आणि पल्याडचं उतरलं असतं. मागे चाळीस घरं येऊन उभी राहिली. कुणी 'घाल' म्हणालं नाही, कुणी 'नको' म्हणालं नाही. कुणी हात धरला असता तर बरं झालं असतं, असं तो पुढे म्हणायचा म्हणे. त्याने पुन्हा एकदा चाळीस आणि सात मोजले आणि कुदळ स्वतःच्या हाताने खाली ठेवली.

दुपारपर्यंत पल्याड काही उरलं नाही. बाकीची माणसं होड्यांतून वाचली. आवडी अंथरुणाला खिळलेल्या सासूला आणायला घरात परत शिरली होती. तिसऱ्या दिवशी ती बांधाच्या बाहेरच्या अंगाला लागलेली सापडली. भिवजीनेच तिला उचललं. धामणखारच्या लोकांनी तेव्हा टेकडीवरची जागा देऊ केली. सात घरांनी ती घेतली नाही, कुठे गेली तेही सांगितलं नाही.

त्या वर्षी भात असं पिकलं की कणग्या पुरल्या नाहीत. भिवजीने त्यातला एक दाणा तोंडात घातला नाही, उरलेलं आयुष्य नाचणीवर काढलं. पौषात बांधाच्या डागडुजीची वेळ आली तेव्हा तो मातीची पहिली पाटी होडीत घालून पल्याड गेला आणि त्या रिकाम्या जागेला त्याने विचारलं, "आवडे, बांध घालू का?" भरती सरून ओहोटी लागेपर्यंत तो तिथे बसून राहिला. मग पाटी घेऊन परत आला.

आजही आमच्याकडे बांधासाठी देवाला कौल लावत नाहीत. गावातला वयाने सगळ्यांत मोठा माणूस पहिली पाटी घेऊन पल्याड जातो, तिचं नाव घेऊन विचारतो आणि ओहोटीपर्यंत वाट पाहतो. तेवढा वेळ गावात कुणी मातीला हात लावत नाही. 'नको' असं उत्तर आलं तर काय करायचं, हे भिवजीने कुणाला सांगून ठेवलेलं नाही. ओहोटी लागते, तो परत येतो आणि आम्ही बांध घालतो.