विझवलेली चूल

एकदा एक म्हातारा होता आणि त्याच्यापाशी एक चेला होता. म्हातारा शहाणा होता, चेला हुशार होता. या दोन्हींत फरक असतो, आणि तो कळायला चेल्याला अकरा वर्षं लागली. चेला म्हणजे मीच; उगाच आडपडदा कशाला ठेवू? माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे गोष्ट सजवून सांगता येत नाही. झाली तशी सांगतो.

एका मोठ्या शहरात लहान मुलांचं मोठं इस्पितळ होतं. रक्ताचे, काळजाचे, मूत्रपिंडाचे आजार घेऊन लांबलांबची लेकरं तिथं येत. लेकराला खाट मिळे, पण आईबापाला फूटपाथ. ते पाहून या म्हाताऱ्यानं इस्पितळामागच्या गल्लीत धर्मशाळा काढली. बावीस खोल्या, एक मोठं स्वयंपाकघर, दोन वेळचं जेवण फुकट. उपचारांच्या मधल्या दिवसांत वॉर्डातून सोडलेली लेकरंही आईपाशी इथंच राहत. सगळे त्याला तात्या म्हणत. तात्या कमी बोलायचा आणि बोलला की टोचायचा.

व्यवस्था सगळी माझ्याकडे. ती मी चोख ठेवली होती. फरशी अशी की तोंड बघावं. आणि एक गोष्ट मी स्वतःच्या डोक्यानं सुरू केली होती, तिचा मला फार अभिमान होता. एखादं लेकरू दगावलं की वॉर्डातली सिस्टर मला फोन करी. मी लगेच त्या माणसांच्या खोलीत जाऊन त्यांचं सामान बांधायचो, मागच्या दारानं गल्लीत नेऊन ठेवायचो, गाडी सांगायचो. आईबाप इस्पितळातून आले की मागच्या मागं गाठून त्यांना गाडीत बसवायचं. दुपारी कुणी विचारलंच, तर सांगायचं, ‘सुट्टी मिळाली, गावी गेले.’ बाकीच्या आया हात जोडून म्हणत, ‘आमच्याही पोराला अशीच सुट्टी मिळू दे रे देवा.’ ते ऐकून माझ्या अंगावर काटा यायला हवा होता. नाही आला. मी म्हणायचो, बघा, अकरा वर्षांत या घरात रडणं म्हणून कुणी ऐकलं नाही.

तात्याला हे माहीत नव्हतं. तो पहाटेपासून वॉर्डात असे. लेकरांशी गप्पा मारायच्या, कुणाच्या बापाला कागद वाचून दाखवायचा, हे त्याचं काम. कुटुंबं जातात ती थेट इस्पितळातून जातात, असं मी त्याला सांगून ठेवलं होतं.

परभणीकडची कौशाबाई आणि तिचा नवरा रंगनाथ चार महिने आमच्याकडे होते. तो तिकडं कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचा. त्यांची मैना सहा वर्षांची, रक्ताचा आजार. कौशाबाई हाताला भारी चलाख. मायलेकीची भेट संपली की स्वयंपाकघरात येऊन बसायची, पोतंभर भाजी निवडायची. सोबत हलीमाबी असायची. तिचा पोरगा त्याच वॉर्डात होता. दोघी एकमेकींना ‘ए सवते’ म्हणून हाक मारायच्या आणि खिदळायच्या. कुणाला वाटलं असतं, बाया लग्नघरी आल्यात.

एका सकाळी साडेनऊला फोन आला. मैना गेली.

मी नेहमीप्रमाणे कामाला लागलो. दोन लुगडी, एक स्टो, पिठाचा डबा, दोरीवरचा ओला फ्रॉक. सगळं गाठोड्यात बांधलं. ओला फ्रॉक कोरड्या कपड्यांत जाऊ नये म्हणून वेगळ्या पिशवीत घातला. इतका मी व्यवस्थित!

तासाभरानं नवराबायको आली. पोर ताब्यात मिळायला अजून वेळ होता. मी त्यांना मागच्या दारातच अडवलं.

“ताई, इकडंच थांबा. सामान बांधून ठेवलंय, गाडी दोनला येईल.”

कौशाबाई म्हणाली, “दादा, मला जरा खोलीत जाऊ द्या. आन् हलीमाला मेथी निवडून देते म्हणले होते. तिला सांगते तरी.”

“ताई, वर बाकीची लेकरं झोपलीत. तुमचं रडणं ऐकलं तर त्यांच्या आया हातपाय गाळतील. तुम्हीच समजून घ्यायला पाहिजे.”

आणि तिनं समजून घेतलं. हे मला आजही गिळवत नाही. तिनं पदराचा बोळा करून तोंडात घातला, मान हलवली, मग बोळा काढून म्हणाली, “बरं दादा. नाही रडत.” रंगनाथानं माझे पाय धरले. “लई उपकार झाले तुमचे, चार महिने सांभाळलं.” दोघं कचऱ्याच्या पिंपाशेजारी गाठोड्यावर बसली. मी मनात म्हटलं, काय समजूतदार बाई आहे!

त्या दिवशी तात्या वॉर्डातून त्यांच्याच मागं निघाला होता. म्हाताऱ्याचे पाय हळू, म्हणून उशिरा पोचला. पुढच्या दारानं येऊन खोलीत पाहिलं तर खोली रिकामी, झाडून काढलेली. सगळं घर हिंडला आणि मागच्या दारात आला. गाठोड्यावर बसलेली दोन माणसं पाहिली. माझ्याकडं पाहिलं. मग काठी टेकत सरळ स्वयंपाकघरात गेला.

चुलीवर साठ माणसांचा भात रटरटत होता. तात्यानं पाण्याची बादली उचलली आणि चुलीत ओतली.

चर्र झालं, राख उडाली, धुरानं सगळ्यांना ठसका लागला. मी ओरडलोच, “तात्या, अहो काय हे! साठ माणसं जेवायची आहेत!”

“लेकरांची पेज गेली वॉर्डात?”

“ती सकाळीच गेली. पण मोठ्या माणसांनी...”

“मोठ्यांना एक वेळ उपास घडला तर कुणी मरत नाही.”

मला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. वास वरपर्यंत गेला, बायका धावत खाली आल्या. “काय झालं? चूल का विझली?”

तात्या म्हणाला, “घरात मयत झालंय.”

जे अकरा वर्षं मी दाबलं होतं, ते म्हातारा तीन शब्दांत बोलून मोकळा झाला. मला वाटलं, आता आकांत होणार. शेवंता नावाची एक पोरसवदा आई होती. ती कानांवर हात ठेवून जिन्यात मटकन बसली. “नका सांगू, मला काही सांगू नका!”

हलीमाबी पुढं झाली. “कुणाचं?”

“कौशाचं.”

“कुठं आहे ती?”

तात्यानं काठी माझ्याकडं रोखली. “याला विचार.”

सगळ्या बाया माझ्याकडं वळल्या. मी म्हणालो, “मागं... गल्लीत आहे.”

“गल्लीत कशाला?”

त्यांना त्रास नको म्हणून, असं म्हणणार होतो. पण शब्द ओठांवर आले आणि त्यांचा वास मलाच आला.

हलीमाबी म्हणाली, “दर खेपेला सांगतोस सुट्टी झाली, सुट्टी झाली. अरे, पोर बरं करून नेणारी बाई दारोदार साखर वाटून जाते. साखर न वाटता कोण जातं? आम्ही काय येड्या आहोत?”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या महिन्यापासून. तुला बरं वाटावं म्हणून गप बसत होतो आम्ही.”

जिन्यातून शेवंताचा आवाज आला. रडत नव्हती, चिडली होती. “माझा बाळ्या जाईल म्हणून मी भितेच. पण त्याच्यापरीस दुसरंच भ्या मोठं वाटतं. हा माणूस माझं गाठोडं बांधंल, आन् मला तिकडून काढंल. त्या मागच्या दाराकडं मी बघतसुद्धा नाही.”

बायका गेल्या आणि कौशाबाईला पुढच्या दारानं घरात घेऊन आल्या. हलीमाबीनं तिला पोटाशी धरलं. तरी ती रडेना. पदराचा बोळा पुन्हा तोंडात, आणि डोळे माझ्याकडं. मला आधी कळलंच नाही. मग कळलं, ती परवानगी मागत होती. मी मान खाली घातली आणि कसाबसा म्हणालो, “ताई, रडा.” तेव्हा कुठं ती रडली. रडायला माणसाला माझी परवानगी लागावी?

शेवंता खाली आली नाही. एकजण तिला काही बोलायला गेली, तर तात्या म्हणाला, “तिला बोलू नका. भिण्याची तिला मुभा आहे.”

मग मला म्हणाला, “आता गल्लीत जा. घरोघर सांग, आमच्या घरी मयत झालंय, चूल बंद आहे.”

“तात्या, गल्लीतल्यांचा काय संबंध?”

तेव्हा तो बसला, आणि मला समोर बसवून बोलला. इतकं तो पूर्वी कधी बोलला नव्हता, नंतरही नाही.

“अरे, गावाकडं कुणाच्या घरी माणूस गेलं तर त्या घराची चूल विझते आणि शेजारच्यांच्या चुली पेटतात. घरचं दुःख आधी शेजाऱ्याच्या परातीत उतरतं. या लोकांचं गाव सुटलं, शेजार सुटला. आपण त्यांना छप्पर दिलं, अन्न दिलं, पण शेजार द्यायला विसरलो. ज्या वास्तूत मरणानं चूल विझत नाही, ती खाणावळ. तिला धर्मशाळा म्हणू नये. तुला वाटलं, तू त्यांचं भय झाकलंस. तू ते बावीस खोल्यांत वाटून टाकलंस, आणि प्रत्येकीला एकटीला पेलायला लावलंस. आणि खरं सांग, त्यांचं रडणं कुणाला ऐकवत नव्हतं? त्यांना, की तुला?”

मी गेलो. पहिलं घर इस्त्रीवाल्याचं. त्याच्या म्हाताऱ्या आईला म्हणालो, “आमच्या घरी मयत झालंय, चूल बंद आहे.” ती म्हणाली, “इतकी वर्षं झाली, आज सांगायला आलास होय? आम्हाला वाटायचं तुमची संस्था मोठी, तुम्हाला आमची भाकरी कशाला लागतीय.” मी चौदा घरं फिरलो. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य म्हणावं लागलं. पहिल्या घरी मी ‘संस्थेत’ म्हणणार होतो. शेवटच्या घरी ‘आमची मैना’ म्हणालो.

दीड वाजेपर्यंत पिठलं-भाकरीच्या बारा परड्या आल्या. इस्त्रीवाल्याची आई म्हणाली, “पण माती व्हायच्या आधी घास कसा द्यायचा? रीत नाही तशी.” तात्या म्हणाला, “आजी, दहा तासांचा रस्ता आहे, आणि मांडीवर पोर न्यायचंय. रीत थोडी सरकून बसेल.” तिनंच मग कौशाबाईला पहिला घास भरवला. रंगनाथ खाली मान घालून दोन भाकऱ्या खाऊन गेला. आदल्या रात्रीपासून उपाशी होता तो. मी त्याला विचारलंसुद्धा नव्हतं.

गाडी पुढच्या दाराशी लागली; इथून इस्पितळात जाऊन मैनेला घ्यायचं होतं. सगळं घर आणि निम्मी गल्ली रस्त्यात उभी होती. गाठोडं मी उचलून ठेवलं. गाडी हलली तेव्हा वरच्या खिडकीत शेवंता बाळ्याला कडेवर घेऊन उभी दिसली. तिनं हात जोडले होते.

संध्याकाळी मी तात्याला विचारलं, “आधी ज्यांना मी मागच्या दारानं काढलं, त्यांचं आता काय करू?”

“किती होते?”

“मोजले नाहीत.”

“काही करता येणार नाही,” तात्या म्हणाला. “लाज वाटून घे. आणि ती लवकर जावी म्हणून धडपडू नकोस. ती आहे तोवर तू या कामाला लायक आहेस.”

तात्या जाऊन बरीच वर्षं झाली. चूल अजून विझते. कधी महिन्यातून एकदा, कधी दोनदा. गल्लीत सांगायला मीच जातो, आता गुडघे दुखतात तरी. दुसऱ्या कुणाला मी ते काम देत नाही.

तुम्ही शिकलेली माणसं आहात, तुम्हाला मी काय सांगणार? एवढंच बघा, की तुमच्या घरात ज्याला सगळे समजूतदार म्हणतात, त्याच्या तोंडात बोळा कुणी घातलाय.