देवीची रिकामी कळशी

डोंगराच्या कुशीत एक तळं होतं. इतकं नितळ, की त्यात उतरलेलं आभाळ हलायचंसुद्धा नाही. गावच्या खोताला काय वाटलं कोण जाणे, त्यानं तळ्याच्या घाटाला फाटक बसवून कुलूप ठोकलं. खालच्या वाडीतल्या चाळीस घरांच्या बायका कोसभर लांबच्या झऱ्यावर जाऊ लागल्या. त्यांत येसू कुंभारणीची सूनही होती, नववा महिना लागलेली.

एका पहाटे धुक्यातून त्या चाळीसजणी रिकाम्या कळश्या घेऊन आल्या आणि खोताच्या अंगणात बसून राहिल्या.

खोत झोपाळ्यावरून म्हणाला, "मी काय करू, बायांनो? देवी स्वप्नात आली. म्हणाली, घाटाला कुलूप लाव, नाहीतर तळं आटेल."

आता देवीपुढं कोण बोलणार? पण येसू उठली. "खरं आहे, धनी. ती आमच्याही स्वप्नात आली. चाळीसही घरांत."

"अस्सं? मग काय नेसली होती, सांग!"

"ज्या घरी गेली, त्या घरच्या आईचं लुगडं. पण कमरेवरची रिकामी कळशी सगळ्यांनी पाहिली. म्हणाली, 'तळ्यावर गेले तर कुलूप. खोताला हाक मारली, तर त्याला ते स्वप्न वाटलं.'"

बायकांनी माना डोलावल्या. खोत भडकला. "स्वप्न बघून कुणी कुलूप उघडतं का?"

"नाही ना?" येसू म्हणाली. "मग स्वप्न बघून लावलंत कसं?"

झोपाळा थांबला. खोतानं कमरेची किल्ली सोडली.

उन्हं वर आली तेव्हा घाटावर एकेचाळीस कळश्या भरून ठेवलेल्या होत्या. एकेचाळिसावी कुणाची, ते कुणी विचारलं नाही.