हिरवी पैठणी, लाल पडदा

एकदा एका कापडव्यापाऱ्याने गावातील वृद्ध छायाचित्रकाराला घरी बोलावले. हा वृद्ध आयुष्यभर कृष्णधवल छायाचित्रेच काढीत आला होता, आणि व्यापाऱ्याला तेच हवे होते. भिंतीवर वडिलांची कृष्णधवल तसबीर होती. शेजारी आईची लावायची होती. पण आईने जन्मभर कॅमेऱ्यासमोर बसणे टाळले होते. आता वय चौऱ्याऐंशी, आणि दुसऱ्या दिवशी शहरात हृदयाची शस्त्रक्रिया. त्या दुपारी ती एकदाची तयार झाली.

वृद्धाचे हात कापत, म्हणून कॅमेरा त्याच्या शिष्येच्या हाती होता. बारा चित्रांचे एकच रीळ.

शिष्येने आजींना हिरव्या पैठणीत, लाल मखमली पडद्यापुढे बसवले. रंग असे खुलले की तिने भराभर अकरा चित्रे घेतली. गुरुजी कोपऱ्यात गप्प बसून पाहत होते.

"थांब," ते म्हणाले. "अकराही गेली."

शिष्येने वळून पाहिले. "गेली म्हणजे?"

"हा लाल आणि हा हिरवा आपल्या फिल्मवर एकसारखेच राखाडी उमटतात. आजी पडद्यात विरघळल्या."

"मग आधी का नाही सांगितलंत?" तिने विचारले.

गुरुजी उठले आणि एकेक खिडकी बंद करू लागले. चारपैकी एकच उघडी राहिली.

"अहो गुरुजी," व्यापारी वैतागला, "फोटो काढताय की आईला झोपवताय?"

"डोळे अर्धे मीट," गुरुजी शिष्येला म्हणाले. "आता रंगाचं नाव न घेता सांग, काय दिसतं?"

तिने डोळे किलकिले केले. "काहीच नाही दिसत."

आजी खोकू लागल्या. व्यापारी पुढे झाला. "पुरे. आत नेतो तिला."

"शेठ, एक मिनिट!" आपण इतक्या मोठ्याने बोललो याने शिष्या स्वतःच दचकली. मग चाचपडत म्हणाली, "कपाळावर उजेड आहे. नाकापाशी तो संपतो. मागे सगळं काळं... आणि मांडीवर मूठ. केवढी घट्ट आवळलीये."

तिने डोळे पूर्ण उघडले. "आजी, तुम्ही घाबरलाय?"

"मग काय गं! उद्या छाती उघडणार आहेत माझी. पण तू का थरथरतेस?"

"एकच उरलंय, आजी. चुकलं तर संपलं."

"माझं तरी काय वेगळं आहे!" म्हातारी म्हणाली, आणि तिला एकदम हसू आले. मूठ सैल झाली. त्या क्षणी शिष्येने बटण दाबले.

परतताना गुरुजी म्हणाले, "पैठणी सुंदर होती. सुंदर आहे असं वाटलं की माणूस पुढचं पाहायचं सोडून देतो. अकरा वेळा तू तेच केलंस. रंग काढून घेतले, तेव्हा तुला शोधावं लागलं: उजेड कुठे थांबतो, सावली कुणावर पडते. तेव्हा कुठे ती बाई दिसली. मी आधीच सांगितलं असतं, तर तू फक्त पडदा बदलला असतास."

रात्री तिने ते रीळ धुतले.

सकाळी ती चित्र घेऊन गेली, तेव्हा गाडी दारात उभी होती. आजींनी ते हातात घेतले. बराच वेळ पाहिले.

"ही बाई घाबरली आहे," त्या म्हणाल्या. "पण हसतेय बघ."

व्यापाऱ्याने चित्रासाठी हात पुढे केला. आजींनी ते त्याला दिले नाही. पदराआड धरून त्या गाडीत बसल्या.

गाडी वळेपर्यंत शिष्या तिथेच उभी राहिली. चित्र कसे आले, हे परतल्यावर गुरुजींना विचारायची तिला गरज उरली नाही.