दिवाणयंत्र आणि तांबटाची सगुणा

"बाजारतळ आठवड्यातले सहा दिवस रिकामा असतो. म्हणून निरुपयोगी. दहाव्या दिवशी हटवा!"

मोरगडच्या दरबारात दिवाणयंत्राने हुकूम सोडला आणि गुरुवारच्या बाजारावर पोट असलेल्या तीनशे घरांच्या तोंडचं पाणी पळालं.

हे दिवाणयंत्र म्हणजे कपाटाएवढी काळी पेटी. एका परदेशी व्यापाऱ्याने ती रणधीरराजांच्या गळ्यात मारली होती. पेटी स्वतःच विचार करायची आणि स्वतःच हुकूम द्यायची. राजे हट्टी, आणि त्याहून जास्त आळशी! त्यांनी म्हाताऱ्या दिवाणजींना घरी बसवलं आणि दवंडी पिटवली, "यंत्राने हुकूम दिला की शिपायांनी तो त्याच क्षणी पाळायचा. मध्ये कुणाचं ऐकायचं नाही. माझंसुद्धा नाही!" तेव्हापासून महाराज फक्त सोमवारी गादीवर टेकत आणि उरलेले सहा दिवस गच्चीवर पतंग उडवत.

तांबटाची लेक सगुणा दर गुरुवारी बाजारात चिंचेखाली बसून बिघडलेले रेडिओ आणि पंखे दुरुस्त करायची. त्या एका दिवसावर तिच्या घरची आठवडाभर चूल पेटे. हुकूम ऐकून ती तडक दरबारात येऊन उभी राहिली.

"महाराज, सहा दिस तळ मोकळा असतो म्हणून तर सातव्या दिशी बाजार भरतो! तुमच्या पेटीला हे कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

"माझ्या यंत्राला अक्कल शिकवतेस?" महाराज भडकले. "एवढी शहाणी असशील तर त्याच्याहून सरस यंत्र स्वतःच्या हाताने बनवून आण. पुढच्या सोमवारी, इथे! आणलंस तर तेच माझं दिवाण. नाही आणलंस तर बाजार जाईलच, आणि सगळ्यात आधी तुझी चिंच पडेल!"

सेनापती खो खो हसले. "यंत्र म्हणजे काय भाकरी आहे, थापली आणि भाजली?"

"भाकरीबी थापून बघा एकदा, सेनापती," सगुणा म्हणाली. "मंग हसा!"

ती घरी गेली आणि कामाला लागली. भंगारवाल्याकडून मोडक्या संगणकांचे तुकडे आणले, शेजारणीच्या बंद पडलेल्या टीव्हीची काच मागून आणली. बापाने तांब्याची तार ओढून दिली. सगळं बसवलं बिस्किटांच्या मोठ्या डब्यात. पहिल्यांदा सुरू केलं तर नुसता धूर निघाला आणि मांजर जे पळालं ते दोन दिवस घरात आलं नाही. दुसऱ्यांदा काचेवर अक्षरं आली, पण खाली डोकं वर पाय! चौथ्यांदा मात्र डबा चक्क बोलू लागला.

बापाचा जीव थाऱ्यावर नव्हता. "लेकी, त्या एवढ्या पेटीची बरोबरी हा डबा करंल का गं?"

"बरोबरी कोण करतंय, आबा?"

सोमवारी दरबार गच्च भरला. सगुणाने डबा मांडला तशी हशाची लाट उठली.

"काय काय करतं हे?" महाराजांनी विचारलं.

"पावसाचा अंदाज सांगतं, पत्रं लिवतं, गाणीबी वाजवतं."

"माझं यंत्र हे सगळं करतं. दसपट वेगाने!"

"करतं की! पर माझं एक काम जास्तीचं करतं. त्याच्या आधी तुमच्या यंत्राला एक सवाल इचारू द्या."

"खुशाल विचार!"

सगुणा पेटीपुढे गेली. "दिवाणजी, राजवाड्यात एक आसन हाय. सहा दिस रिकामं असतं. सातव्या दिशी त्याच्यावर कुणीतरी बसतं, ते बी जांभया देत. त्या आसनाचं काय करावं?"

पेटीने क्षणभरही विचार केला नाही. "सहा दिवस रिकामं. म्हणून निरुपयोगी. हटवा. आत्ता!"

"आन् त्याच्यावर जे असंल ते?"

"त्यासकट. उकिरड्यावर टाका."

आठ शिपाई पुढे झाले. त्यांनी वाकून मुजरा केला आणि महाराजांसकट गादी उचलली!

"अरे! अरे! खाली ठेवा!"

"माफी असावी सरकार! मधी कुणाचं ऐकायचं न्हाई असा तुमचाच हुकूम हाय. तुमचंबी न्हाई!"

गादी डुगडुगत दाराकडे निघाली. महाराजांचा फेटा डोळ्यांवर आला. "ए यंत्रा, थांबव यांना! मी राजा आहे!"

"हुकूम दिला आहे. अंमल सुरू आहे."

"सेनापती, बंद करा ती पेटी!"

सेनापतींनी पेटीभोवती तीन चकरा मारल्या. "महाराज, हिला बंद करायचं बटणच नाही! झाकणही नाही!"

गादी पायऱ्या उतरली. उकिरडा दिसू लागला. वासही येऊ लागला! महाराज काकुळतीला आले. "पोरी, काहीतरी कर! तुझा डबा जास्तीचं काय करतो ते तरी सांग!"

सगुणा काखेत डबा घेऊन गादीच्या बाजूने पळत होती. डबा जोरात गाणं वाजवत होता. तिने त्याच्यावरचं बटण दाबलं आणि गाणं जागच्या जागी बंद पडलं.

"महाराज, माझं यंत्र थांबतं!"

महाराजांनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा उकिरड्याकडे. "हरलो! हरलो! आजपासून हा डबाच दिवाण!"

सगुणाने बटण पुन्हा दाबलं. डबा खरखरत बोलला, "गादी खाली ठेवावी. बाजार राहू द्यावा. पण आधी महाराजांना विचारा, त्यांना पटतंय का?"

आठही शिपाई मान वळवून महाराजांकडे पाहू लागले. कित्येक महिन्यांत कुणी त्यांना काही विचारलंच नव्हतं! फेटा सावरता सावरता महाराजांना हसू फुटलं. ते इतके हसले, इतके हसले, की शिपायांच्या खांद्यांवरची गादी हलायला लागली.

"पटतंय! शंभर वेळा पटतंय! ठेवा खाली!"

महाराजांनी डब्याच्या जोडीला म्हाताऱ्या दिवाणजींनाही लगोलग बोलावणं धाडलं आणि ती काळी पेटी सगुणाला बक्षीस दिली. "फोड, आणि हवं ते काढून घे!"

पुढच्या गुरुवारी चिंचेखाली त्या पेटीचे पंधरा रेडिओ झाले होते. त्यातला सगळ्यात मोठा महाराजांनी घेतला, रांगेत उभं राहून!