नळीचं दुसरं टोक

आमच्या दवाखान्यातले डॉक्टर भारी हुशार. पारध्यांच्या पालावरची बाई आली, की दारात उभी करूनच तिचा रोग ओळखायचे.

एकदा मी, त्या भागातली आशा कार्यकर्ती, पालावरच्या झिंगराबाईला घेऊन गेले. अंगात ताप, धाप इतकी की बोलता बोलता थांबायची. "छातीत दुखतं," ती म्हणाली.

"बायकांची नाटकं! पित्त आहे," डॉक्टर लांबूनच म्हणाले. "आणि पुढे येऊ नकोस. तुम्ही लोक आलात की इथल्या वस्तू जातात."

मी वाटेत भांडणाचं अख्खं भाषण पाठ केलं होतं. तोंडातून निघालं, "बरं, सर."

झिंगराबाई मात्र सरळ टेबलाशी गेली. डॉक्टरांच्या गळ्यातल्या नळीचं टोक उचलून तिनं स्वतःच्या छातीला लावलं.

"मला शिवू नका, साहेब. नुसतं कानात घालून ऐका. नळी पळवत नाही मी, दुसरं टोक तुमच्याच कानात राहील की!"

बाहेरची रांग खो खो हसली. डॉक्टरांनी चरफडत नळी कानात घातली. ऐकता ऐकता चेहरा उतरला. उठून त्यांनी स्वतःची खुर्ची तिला दिली.

"न्यूमोनिया आहे. ताई, गाडी बोलवा, लगेच!"

झिंगराबाई बरी होऊन पालावर परतली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. भाषण अजून कोरं करकरीत आहे. कुणाला हवं असेल तर घेऊन जा.