नरहर मास्तरचा बोलण्याचा वर्ग

नदीकाठच्या एका गावात नरहर नावाचा एक भोळा मास्तर होता. त्याला कानडी येत होती, एवढंच त्याचं भांडवल. गुळाचे व्यापारी बळवंतराव यांनी पलीकडच्या बाजारासाठी गावकऱ्यांचा कानडी बोलण्याचा वर्ग काढला आणि त्याला म्हणाले, "माणसं चार वाक्यं बोलायला लागली, की आमची लेक कुमुद तुम्हाला दिली." कुमुदसाठी नरहरनं विहिरीत उडी मारली असती. कुणी सांगायचाच अवकाश होता.

पहिल्या दिवशी तासभर एकटा नरहरच बोलला. बाकीचे जांभया देत बसले.

"अहो मास्तर," बळवंतराव म्हणाले, "तुम्ही गप्प बसा. लोकांना बोलू द्या."

"बरं."

घरी जाताना त्याला दिसलं, बळवंतरावांच्या गुऱ्हाळात म्हैस शिरलीय आणि गूळ खातेय. नरहर गप्प बसला. म्हशीनं चार ढेपा संपवल्या.

"ओरडला का नाहीत?"

"लोकांना बोलू द्यावं म्हटलं."

बळवंतरावांनी कपाळाला हात लावला. "आधी आपण मोठ्यानं सांगायचं, मग सगळ्यांकडून म्हणवून घ्यायचं. वर्गातही तसंच."

"बरं."

दुसऱ्या दिवशी बळवंतरावांच्या नातवाचं बारसं होतं. कुमुद बाळाची आत्या. तिनं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात हळूच नाव सांगितलं. शेजारी उभ्या नरहरनं ते ऐकलं आणि छाती फुगवून गर्जना केली, "शिवानंद. म्हणा सगळ्या." चाळीस बायकांकडून त्यानं दहादा म्हणवून घेतलं. बाळ दिवेलागणीपर्यंत रडत होतं. कुमुद जेवलीच नाही.

"सगळ्यांना एकदम ओरडायला लावू नये हो," बळवंतराव कळवळून म्हणाले. "एकेकाला वेळ द्यावा. जो लाजून मागं राहतो, त्याला हाताला धरून पुढं आणावं. आधी त्याला संधी."

"बरं."

हा धडा मात्र वर्गात लागू पडला. महिन्याभरात भाजीवाल्या पारूबाई कानडीत भाव करू लागल्या, न्हावी कानडीत भांडू लागला. एक सिद्राम कासार तेवढा गप्प. तरणाबांड गडी, पण तोंड उघडायचं म्हटलं की कानाच्या पाळ्या लाल. बळवंतरावांनी तरी शब्द पाळला आणि मुहूर्त काढला.

मंगलाष्टकं संपली. अंतरपाट दूर झाला. समोर कुमुद, नरहरच्या हातात हार. तेवढ्यात त्याची नजर मांडवाच्या खांबाआड गेली. तिथं सिद्राम उभा होता, कुमुदकडं बघत, लाजून चूर झालेला. नरहरला भरून आलं. त्यानं त्याला हाताला धरून आणलं, आपल्या पाटावर उभं केलं आणि हार त्याच्या हातात दिला.

"आधी तू," नरहर म्हणाला. "घाई नको. हवा तेवढा वेळ घे."

सिद्रामनं अजिबात वेळ घेतला नाही. कुमुदनंही नाही. वाजंत्री सुरू झाली, अक्षता पडल्या, बळवंतराव मटकन खाली बसले. मग बायकांनी नाव घ्यायला लावलं, तर सिद्रामनं घडाघडा कानडीत उखाणा घेतला.

नरहरनं सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. मग बळवंतरावांजवळ जाऊन तो हळूच म्हणाला, "राव, त्याचं झालं. आता माझा नंबर ना?"