न केलेली खूण

एकदा एका वृद्ध कीर्तनकार बुवांकडे एक शिष्य शिकत होता. गळा गोड, पाठांतर चोख, वाणी शुद्ध. पण एका उत्सवात, भर आख्यानात, त्याला पुढचे वाक्य आठवेना. क्षणभराचाच तो घोटाळा. श्रोते तो घराच्या वाटेवरच विसरले. शिष्य मात्र विसरला नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो; याने तर पाणीसुद्धा फुंकायला घेतले.

कीर्तनाला उभे राहण्यापूर्वी तो हमखास विचारी, “बुवा, आज जमेल ना?” बुवा म्हणत, “जमेल.” तेवढ्याने धीर येई, पण तो देवळाची पायरी चढेपर्यंतच टिके. मग पुढचे वाक्य सुचवायला त्याने मागे एक मित्र उभा केला. तर मित्रालाच विसर पडला तर काय, ही नवी काळजी लागली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो असा वेष पालटून येतो. अखेर कीर्तनाचे आमंत्रण आले की त्याचा घसा बसू लागला. आमंत्रण घेऊन आलेला माणूस परतला की घसा आपोआप मोकळा होई.

इकडे बुवांचा आवाज वयाने खरोखरच थकला होता. गावच्या उत्सवात आपल्या जागी शिष्याने उभे राहावे, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. आणि नेमका तेव्हाच शिष्य पायाशी बसून म्हणाला, “बुवा, मला मोकळं करा. छातीत धडधडतं, तोंडाला कोरड पडते. हे माझ्याच्यानं होणार नाही.”

बुवा रागावले नाहीत. “बरं. उद्या सायंकाळी एक कीर्तन कर, मग जा. मित्राला आणू नकोस. आख्यानात राजपुत्र आईचा निरोप घेऊन वाड्याच्या दाराशी येतो ना, तिथं बोलणं थांबव. मुद्दाम. मी हात वर करून खूण करीन, मगच पुढं बोल.”

“लोकांना वाटेल, मी विसरलो.”

“वाटू दे.”

जे घडू नये म्हणून एवढा आटापिटा, तेच मुद्दाम करायचे, हा कसला उपाय, हे त्याला कळेना. पण गुरूंची आज्ञा मोडवेना.

दुसऱ्या दिवशी राजपुत्र दाराशी आला आणि शिष्य थांबला. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला, मग तोही बावरून थांबला. कोणीतरी खाकरले. मागे दोघे एकमेकांकडे बघून हसले. शिष्याच्या छातीत घण पडू लागले, हातातल्या चिपळ्या घामाने निसटू लागल्या. त्याने बुवांकडे पाहिले. बुवा डोळे मिटून स्वस्थ बसले होते.

पळून जावे, असे त्याला फार वाटले. पण खूण झाल्याशिवाय हलायचे नव्हते. भीती गळ्यापर्यंत चढली. याहून वर चढायला तिला जागा नव्हती. तो तसाच उभा राहिला, आणि हळूहळू, त्याने काहीही न करता, ती ओसरू लागली. त्याला समोरची माणसे दिसू लागली. पुढे बसलेली एक म्हातारी पदराने डोळे पुशीत होती. राजपुत्राचा पाय वाड्यातून निघत नाही, असेच तिला वाटले होते.

खूण अजून झालीच नव्हती. पण आता तिची वाट पाहण्याचे त्याला कारण उरले नाही. त्याने पुढचे वाक्य उच्चारले.

कीर्तन संपल्यावर त्याने विचारले, “बुवा, खूण का केली नाहीत?”

“केली असती, तर मी सोडवलं असं तुला वाटलं असतं,” बुवा म्हणाले. “अरे, भीती चढते कशी, हे तुला पाठ आहे. ती उतरते कशी, हे तू कधी पाहिलंच नव्हतंस. चढू लागली की तू पळायचास. कधी घसा बसवून, कधी माझ्याकडून ‘जमेल’ वदवून. आणि पळालो म्हणून वाचलो, असं समजायचास. आज पळाला नाहीस, म्हणून ती उतरताना दिसली. एका दिवसात ती जायची नाही. पुन्हा येईल. तूही पुन्हा उभा राहा.”

उत्सवाचा दिवस आला. देवळाच्या पायरीशी शिष्याची छाती धडधडू लागली आणि सवयीने तोंडी आले, “बुवा, आज...” तिथेच तो थांबला.

बुवांनी विचारले, “भीती वाटतेय?”

“वाटतेय.”

“मग?”

“तीही बसेल पुढं, ऐकायला.”

बुवांनी आपल्या चिपळ्या त्याच्या हातात दिल्या आणि ते श्रोत्यांत जाऊन बसले.